रुतेंडोचा खोपा

होणाऱ्या सुनेबद्दल स्नेहलताबाईंना एकच प्रश्न पडला होता, आणि नेमका तोच विचारायची त्यांना बंदी होती.

सून मूळची झिम्बाब्वेची. नऊ वर्षांची असताना आईबरोबर न्यूझीलंडला आलेली, आता ऑकलंडमध्ये इंजिनिअर, नाव रुतेंडो. हे सगळं बाईंनी केव्हाच पचवलं होतं. नातेवाइकांना रंगावरून, धर्मावरून जे काही म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं, आणि बाईंनी प्रत्येकाला चहा पाजून वाटेला लावलं होतं. प्रश्न होता केसांचा. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर रुतेंडो दिसली तेव्हा तिचे केस मानेपर्यंतही पोचत नव्हते. पंधरा दिवसांनी पाहिलं तर कमरेपर्यंत लोंबणाऱ्या शंभर बारीक वेण्या. संक्रांतीला वेण्या गायब, आणि डोक्याभोवती मोठा, मऊ, गोल फुलोरा. जिनं एकतीस वर्षं साताऱ्यात ब्युटी पार्लर चालवलं, तिला हे बघून चैन कसं पडावं?

"आई, तिला केसांबद्दल काही विचारायचं नाही. आणि हात तर अजिबात लावायचा नाही," अक्षतनं विमानतळावरच बजावलं. "इथे लोक न विचारता तिच्या केसांत हात घालतात. ऑफिसात, सुपरमार्केटमध्ये, कुठेही. ती जाम वैतागते."

"मी काय लोक आहे का?"

"अजून तरी आहेस," अक्षत म्हणाला.

मागून ट्रॉली ढकलणारे मधुकरराव खो खो हसले. बायकोला कुणीतरी गप्प केलं की त्यांना आपोआप हसू यायचं. बाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की उरलेलं हसू त्यांनी खोकल्यात जिरवलं.

बाईंच्या मनात जे होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. सातारा आणि आसपासच्या गावांतल्या शेकडो नवरीमुलींचे खोपे बाईंनी घातले होते. लग्न, वरात, सत्यनारायण सगळं उरकून तिसऱ्या दिवशीही त्यांचा खोपा हलत नाही अशी ख्याती होती. पोटी मुलगी नव्हती. म्हणून सुनेचा खोपा तरी आपल्या हातचा असावा एवढी एकच इच्छा. दोन वर्षांपूर्वी पार्लर बंद केलं तेव्हा सगळं सामान वाटून टाकलं, पण जाळ्या, आकडे आणि एक जाड गंगावन त्यांनी जपून ठेवलं होतं. सुनेचे केस आखूड निघाले तर लांबी वाढवायला गंगावन हवंच, असा त्यांचा हिशेब. ते सगळं आता त्यांच्या बॅगेत, मेतकुटाच्या डब्याशेजारी होतं.

पण विचारायचं कसं? हिल्सबरोला अक्षत-रुतेंडोच्या घरी चार दिवस बाईंनी तोंडाला कुलूप लावलं. रुतेंडो स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहिली की त्यांचे डोळे तिच्या डोक्यावर खिळायचे, आणि अक्षत खाकरला की खिडकीबाहेर पळायचे. शेवटी रुतेंडोलाच दया आली. ती इंग्रजीत बोलायची आणि मधून अक्षतकडून उचललेलं मराठी पेरायची; बाईंचं नेमकं उलटं. दोघींचं छान भागायचं.

"आई, उद्या लग्नासाठी माझ्या वेण्या घालायच्या आहेत," ती म्हणाली. "ओटाहुहुला. घालायला आठ तास लागतात. कंटाळा येईल, पण येणार का?"

बाई रात्रीच साडी काढून बसल्या.

ओटाहुहुच्या स्टेशनजवळ, कापडाच्या दुकानामागे, दोन खुर्च्यांची जागा होती. मालकीणबाईंना सगळे माई फराई म्हणत. माई फराई म्हणजे फराईची आई. झिम्बाब्वेत बाईला थोरल्या लेकराच्या नावानं हाक मारतात, असं रुतेंडोनं सांगितलं. बाईंना ते आवडलं. आपल्याला मग माई अक्षत म्हणायला हवं, असं त्यांच्या मनात आलं.

माई फराईनं रुतेंडोच्या धुतलेल्या केसांत शेपटीवाल्या कंगव्यानं भांग पाडायला सुरुवात केली, आणि बाई पुढे झुकून बघू लागल्या. किती सरळ! पट्टी ठेवून रेघ मारावी तशी. डोक्याचे छोटे छोटे चौकोन झाले. मग माई फराईनं एक पाकीट फोडून त्यातून काळ्या केसांचा लांबलचक झुपका काढला, त्यातली एक बट उचलली आणि रुतेंडोच्या केसांत वेणीबरोबर गुंफत खाली नेली.

"गंगावन!" बाई खुर्चीतून उठल्याच. "अगं, हे तर गंगावन! आमच्याकडेही घालतात!"

चार महिन्यांचं कोडं क्षणात सुटलं. त्यानंतर त्या थांबल्याच नाहीत. ही बट मुळापासून का घेत नाही? सुरुवातीला स्वतःचेच केस आणि मग हळूहळू भर घातली की डोक्यावर ओझं येत नाही, होय का? टोकं सुटत कशी नाहीत? उकळत्या पाण्यात बुडवतात? बघू बघू! या वेण्या किती दिवस टिकतात? दीड महिना? आणि झोपताना? रेशमी टोपी घालायची? मग उशीला घासत नाहीत, बरोबर! माई फराईनं आधी एका शब्दात उत्तरं दिली, मग दोन वाक्यांत, आणि जेवणाच्या वेळेला तर ती हातवारे करून आपल्या आजीच्या गावच्या वेण्यांच्या तऱ्हा सांगत होती. नवरीला काय काय करता येतं तेही तिनं फोनवर दाखवलं: वेण्यांचा उंच अंबाडा, मोकळ्या फुलोऱ्यात खोचलेली पांढरी फुलं, टाळूलगत नागमोडी नेलेल्या वेण्या. ती शेवटची पाहून बाई म्हणाल्या, "ही तर सागरवेणीची बहीण." दुपारी बटा निवडून हातात द्यायचं काम बाईंकडे आलं, आणि ते त्यांनी अशा तत्परतेनं केलं की माई फराईनं त्यांना सोमवारपासून कामावर यायला सांगितलं.

"अकरा वर्षांची असताना," वेण्या घालून घेता घेता रुतेंडो म्हणाली, "एका लग्नासाठी आईनं मला इथल्या एका सलूनमध्ये नेलं होतं. त्या बाईनं केस कोरडेच ओढले, निम्मे तुटले. वर म्हणाली, तुझे केसच वाईट आहेत. त्यानंतर माई फराईशिवाय कुणाला हात लावू दिलेला नाही."

बाईंनी हातातली बट पुढे केली आणि मनातली इच्छा गिळली. संपलं, त्यांना वाटलं. एवढ्या लांब आलो, पण आकडे जसे आणले तसेच परत न्यायचे.

घरी येताना सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा रुतेंडो समोर बघत म्हणाली, "आई, खोप्याचं अक्षतनं सांगितलंय, आणि आज तुमचे हात बघितले. शनिवारी खोपा तुम्ही घालाल? उद्या एकदा करून बघू."

बाईंनी नुसती मान हलवली, आणि ती दिसली नसेल म्हणून पुन्हा हलवली.

निघताना माई फराईनं एक गोष्ट सांगितली होती: नव्या वेण्यांनी दोन-तीन दिवस टाळू हळवी असते, घट्ट बांधू नका. जुना वैद्य नव्या डॉक्टरचं ऐकून घेतो, तेवढ्याच आदरानं बाईंनी ते ऐकून घेतलं होतं. सैल खोपा म्हणजे काय खोपा झाला?

शुक्रवारी सकाळी हळद झाली. वेण्यांना डाग नको म्हणून रुतेंडोनं डोक्याला रुमाल गुंडाळला होता आणि बायकांनी गाल, हात, पाय एवढ्यावरच हौस भागवली. जेवणं झाल्यावर बाईंनी घरामागच्या लाकडी डेकवर खुर्ची मांडली, आकड्यांचा डबा उघडला आणि एकतीस वर्षांची सवय हातात उतरली. सगळ्या वेण्या एका मुठीत घेतल्या. केवढा तो भार! मागे खेचल्या, पीळ दिला, पुन्हा खेचल्या, गोल फिरवून मानेवर बसवल्या, जाळी ओढली. मग आकडे. एक, दोन, पाच, बारा. खोपा असा बसला की बाई स्वतःवरच खूष झाल्या.

पुढे येऊन पाहिलं तर रुतेंडोच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

बाईंना भरून आलं. नवऱ्या रडतातच. त्यांच्या खुर्चीत बसून न रडलेली नवरी त्यांना आठवत नव्हती. त्यांनी पदरानं तिचे गाल पुसले. "रडू नको, बाळ. तुझी आई कुठे लांब आहे? दीड-दोन तासांवर, हॅमिल्टनला तर आहे." आणि मायेनं मागे जाऊन आणखी दोन आकडे खोचले.

तेवढ्यात अक्षत चहा घेऊन आला. त्यानं रुतेंडोकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि तिच्या कानशिलाकडे वाकून बघितलं. "आई, तिचं डोकं दुखतंय."

"काहीतरीच काय! लग्नाआधी मुलींना रडू येतं. तुला नाही कळायचं ते."

"तू विचारलंस का तिला?"

बाई थांबल्या. विचारलं नव्हतं. "रुतेंडो," त्या म्हणाल्या, "दुखतंय का गं?"

रुतेंडोनं खाली पाहिलं. "थोडं," ती म्हणाली. मग ओठ चावत, "हीप्स, ॲक्चुअली. खूप."

बाईंनी आकडे काढायला घेतले. सव्वीस आकडे निघाले. कानशिलांवर, जिथून वेण्या ओढल्या गेल्या होत्या तिथे, कातडी फुगून बारीक पुरळासारखी झाली होती.

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खूष होतात. आणि आमच्याकडे नवऱ्याच्या आईला कुणी नाही म्हणत नाही. पहिल्याच वेळी तक्रार कशी करू?"

बाई आत गेल्या आणि पलंगावर बसल्या. नवऱ्याच्या आईला, गावातल्या मोठ्या बाईला, आत्याला, मावशीला कोण नाही म्हणतं? त्यांनी फोन उचलला आणि पुण्याला विनिताला लावला. विनिता त्यांच्या भावाची मुलगी. नऊ वर्षांपूर्वी तिचाही खोपा त्यांनीच घातला होता. तिकडे सकाळचे साडेआठ वाजले होते आणि विनिता डबे भरत होती.

"विने, तुझ्या लग्नात खोपा घालताना तू रडली होतीस. का रडली होतीस?"

"आत्या, हे आत्ता विचारतेस?"

"खरं सांग."

पलीकडे डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. "जीव जात होता गं, आत्या. आईला हळूच सांगितलंही. ती म्हणाली, आत्याला वाईट वाटेल, दात आवळून बस."

"आणि बाकीच्या?"

"अगं, सगळ्यांनाच माहीत होतं!" विनिता आता हसत होती. "तुझ्या खुर्चीत बसायचं तर आधी डोकेदुखीची गोळी घ्यायची, असं मुली एकमेकींना सांगायच्या. खोपा मात्र फक्कड व्हायचा हं."

बाईंना हसू आलं नाही. आरशातले कितीतरी चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढे आले. कोरेगावची ती शाळामास्तरीण, वाईच्या त्या जुळ्या बहिणी. माहेर तुटतंय म्हणून बिचाऱ्या रडतायत असं त्यांना वाटायचं, आणि गहिवरून त्या आणखी एक आकडा खोचायच्या. जगातल्या प्रत्येक गोष्टीची चौकशी करणाऱ्या आपण, आणि हा एक प्रश्न एकतीस वर्षांत सुचला नाही! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तोंड धुऊन त्या डेकवर आल्या. रुतेंडो वेण्या मोकळ्या सोडून तिथेच बसली होती. "उद्या माई फराईला बोलव," बाई म्हणाल्या. "मी गजरा धरून उभी राहीन."

बाईंना वाटलं, रुतेंडो सुटकेचा निःश्वास टाकेल.

"माई फराईला बोलवू," ती म्हणाली. "पण बघायला. घालायचा तुम्हीच. त्या सलूनवालीला मी दुखतंय म्हणून सांगितलं होतं, तरी ती ओढत राहिली. तुम्ही विचारलंत, आणि सगळे आकडे काढलेत. फक्त उद्या मी ओरडणार."

"ओरड," बाई म्हणाल्या. "अगदी शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी ओरड."

आणि ती ओरडली. शनिवारी सकाळी, माउंट रॉस्किलला लग्नाच्या हॉलमागच्या खोलीत, प्रत्येक आकड्याला आधी बाई विचारत, "दुखतंय का?" आणि रुतेंडो अस्सल मराठीत "आई गं!" म्हणे. कधी खरंच दुखायचं, कधी ती नुसती गंमत करायची. बाई प्रत्येक वेळी सैल करत. माई फराई बाजूला बसून चकल्या खात होती आणि मान डोलवत होती. आकडे नऊच लागले. मुंडावळ्या बांधल्या, गजरा माळला. खोपा मऊ झाला, थोडा खाली झुकला, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तर चक्क उजवीकडे कलला.

"अगं, खोपा कललाय," मधुकरराव कुजबुजले. "तुझ्या हातचा, आणि कलला?"

"कलू दे," बाई म्हणाल्या.

पाठवणीची वेळ आली तेव्हा सगळे हसत होते. कसली पाठवणी? दोघं दोन वर्षं एकाच घरात राहत होती, आणि ते घर गाडीनं आठ मिनिटांवर. रुतेंडोनंही आधी या प्रकाराची भरपूर चेष्टा केली होती. मग तिची आई पुढे आली. वृद्धाश्रमात रात्रपाळ्या करून एकटीनं लेक वाढवलेली ती बाई. तिनं रुतेंडोचा सरकलेला पदर खांद्यावर नीट बसवला, आणि हात तिथेच राहू दिला. रुतेंडोचा चेहरा एकदम विस्कटला. हुंदका आला, मग दुसरा, आणि ती उभ्या जागी रडायला लागली.

स्नेहलताबाई धावल्याच. पाहुण्यांना बाजूला सारत त्या मागून तिच्यापाशी पोचल्या आणि दोन्ही हातांनी खोपा चाचपू लागल्या. "कुठे दुखतंय? कुठला आकडा? सांग, लगेच काढते."

रुतेंडोनं डोकं हलवलं. "केस नाही, आई," ती रडता रडता म्हणाली. "केस नाही दुखत."

बाईंची बोटं आकड्यावरच थांबली. मग त्यांनी हात केसांतून काढून घेतले, एक पाऊल मागे सरल्या आणि तिला तिच्या आईच्या गळ्यात पडून मनसोक्त रडू दिलं.