बर्फाशिवाय

धीरजने फ्रिजमधल्या पापलेटच्या पोटात तापमापक खुपसला. एकोणीस अंश. पुसून पुन्हा खुपसला. पापलेटने मत बदलले नाही.

"किती?" त्याच्या आईने, आनंदीने विचारले.

"होतंय गार, हळूहळू."

"मासं पन चाललंय हळूहळू," म्हणत आनंदीने नाकाला पदर लावला.

बोईसरच्या प्रयोगशाळेत धीरजच्या याच फ्रिजला टाळ्या मिळाल्या होत्या. ना गॅस, ना कॉम्प्रेसर. गॅडोलिनियमचा मिश्रधातू चुंबकात शिरला की तापतो, बाहेर आला की निवतो. तापलेल्याची उष्णता फ्रिजला जोडलेल्या पिंपातले पाणी उचलून नेते. हा गुण धातू वीस अंशांच्या आसपासच नीट दाखवतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण बोईसरचा एसी कायम विसावर, त्यामुळे जगही विसावरच असणार असे सगळ्यांनी धरले होते. इथे दातिवऱ्याला, घराच्या पडवीत चौतीस होते.

दुपारी मुंबईचे साहेब येणार होते. मासे चार अंशांवर दिसले नाहीत तर प्रकल्प बंद.

"येवढा मोटा चुंबक, नि एक पापलेट गार होत नाय?"

"त्याला उकाडा सोसत नाही, आई. पिंपातलं पाणी विसावर आलं तर फ्रिज चालेल."

"मंग कर की गार. त्यात काय येवढं?"

ती उठली, बंदरावरून बर्फाची पाटी डोक्यावर घेऊन आली आणि पिंपात उलटी केली. मग आणखी एक. दुपारपर्यंत पापलेट चारवर आले. हे पापलेट गार करायला अर्धी पाटी पुरली असती, हा हिशेब धीरजने मनातच ठेवला.

साहेबांनी स्वतः तापमापक खुपसला. "वा! आणि बर्फ अजिबात नाही?"

"माशाला?" आनंदी म्हणाली. "खडापन नाय."

धीरजने तोंड उघडले. आईने त्याच्या हातात साहेबांचा चहा दिला आणि त्याला पुढे ढकलले.

किनाऱ्यासाठी आणखी दहा फ्रिज मंजूर करून साहेब गेले. गाडी वळते न वळते तोच शेजारची झुंबर कंबर धरत पडवीत आली. बर्फाची पाटी उचलवत नाही म्हणून दोन वर्षे तिची मासळीविक्री बंद होती.

"साहेब बोलला, बर्फ आनाया नको. खरं काय रं बाबा? मना पन देशील ना एक?"

"देतो, काकी," धीरज म्हणाला.

आनंदीने पापलेट उचलले, उलटून पाहिले, परत ठेवले आणि पिंपाजवळची बर्फाची रिकामी पाटी पायाने आड सारली.