बेलाजवळची घागर

अंजूनं अँपच्या पेटीतला पहिला काचेचा व्हॉल्व्ह रुमालात धरून हळूच उपसला आणि गुणगुण थांबली. तो तिनं परत बसवला. काच तापेपर्यंत दोघंही पेटीकडे बघत राहिले. आत तांबूस उजेड आला आणि त्यामागोमाग तीच गुणगुण, दोन गल्ल्या पलीकडे पिठाची गिरणी चालू असावी तशी.

"आली बघ तुझी पाव्हणी," वीरण्णा म्हणाले.

ते सतरंजीच्या कडेला पाय मोकळे सोडून बसले होते. मांडीवर हवाइयन गिटार आडवी होती. अंजू नको म्हणेपर्यंत त्यांनी तळवा तारांवर टेकवला. गुणगुण निम्म्यावर आली. त्यांनी झटकन हात उचलला आणि लेंग्याला पुसला.

"चावलं?"

"मुंग्या. कालच्याहून जास्त."

"तुम्ही हात लावला की आवाज कमी होतो, मामा. म्हणजे सध्या तुम्हीच अर्थिंग होऊन राहिलात."

"खांब केलीस की गं मला," ते हसले. मग त्यांनी तारांवर सरकवायची स्टीलची कांडी डबीत ठेवली आणि डबीचं झाकण लावलं. "बास आता. मन्मथ दुपारच्या गाडीनं येतोय. त्याच्या क्लासात चार पोरं शिकतील हिच्यावर."

मन्मथ म्हणजे त्यांच्या जुन्या ऑर्केस्ट्रातल्या तबलजीचा मुलगा. लातूरला गाण्याचा क्लास चालवायचा. गिटार घेऊन जा, असं वीरण्णांनी स्वतःच त्याला फोनवर सांगितलं होतं. अंजूला ते नंतर कळलं.

ती लग्न होऊन उदगीरला आली तेव्हा सासरे वीरण्णा कापडाचं दुकान बंद करून घरी बसले होते. संध्याकाळी दारात खुर्ची टाकायची आणि जाणारीयेणारी माणसं बघायची. गिटार कपाटावर, खोळीत. नांदेडला भौतिकशास्त्र शिकलेल्या अंजूला माळ्यावर व्हॉल्व्हचा एक जुना रेडिओ सापडला. त्याचे ट्रान्सफॉर्मर शाबूत होते. थंडीभर खपून तिनं त्यातून गिटारसाठी हा अँप जुळवला. नवरा, रुद्रेश, सुट्टीला लातूरहून आला की म्हणायचा, "स्वयंपाकघरात डाळीचा वास येत नाही, सोल्डरचा येतो." संक्रांतीला अँप पहिल्यांदा बोलला. इतका शांत होता, की चालू आहे का हे बघायला स्पीकरला कान लावावा लागला. त्या दिवसापासून दारातली खुर्ची आत आली.

आणि होळीनंतर, उन्हं चढत गेली तशी, ही गुणगुण.

अंजूनं कपॅसिटर बदलले होते. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारांना पीळ दिला होता, ट्रान्सफॉर्मर काढून आडवा बसवला होता, सगळे जोड एका बिंदूवर आणून पुन्हा सोल्डर केले होते. आज सकाळी एवढं नक्की झालं, की आवाज पहिल्या व्हॉल्व्हच्या आधीच शिरतो. त्याच्या आधी फक्त गिटार होती आणि पेटीचा पत्रा. पेटीत बदलायला काही उरलं नव्हतं. ती मागे भिंतीला टेकली. तिची नजर पेटीतून निघालेल्या काळ्या वायरवर गेली, आणि वायरबरोबर सॉकेटपर्यंत.

तीन पिना. तिसरीवर तिनं कधी शंकाच घेतली नव्हती.

होल्डरला दोन तारा जोडून तिनं बल्ब लावला. एक तार शेजारच्या सॉकेटच्या फेजमध्ये, एक न्यूट्रलमध्ये. बल्ब लख्ख पेटला. न्यूट्रलमधली तार काढून तिनं अर्थच्या भोकात घातली. बल्बची तार नुसती लाल झाली, विझत आलेल्या उदबत्तीसारखी.

"मामा, आपलं अर्थिंग कुठं पुरलंय?"

"बेलाजवळ. झाड अन् न्हाणीच्या मधी, फरशीखाली. पहिला अँप आणला तवा मीच खणलं. तांब्याचा पत्रा, त्याच्यावर कोळसा, मीठ, परत कोळसा. का?"

"ते कोरडं पडलंय. फ्रीज, कूलर, मोटार, सगळ्यांची थोडी थोडी विजेची गळती तिथनं जमिनीत जायची. आता जमीन घेत नाही, म्हणून ती आपल्या पत्र्यावर येऊन थांबते. त्याला पाणी कोण घालायचं?"

"मी. उन्हाळ्यात घालावंच लागतंय. पण वाजवणं सुटलं, मग कोण घालतंय? पंधरा वर्षं झाली असतील."

अंजूनं बल्बच्या तारा सॉकेटमधून काढल्या.

"मग संक्रांतीला चांगलं कसं होतं?"

"पावसाची ओल."

"अंगणाला फरशी आहे, मामा. पाऊस वाहून गल्लीत जातो. गेल्या उन्हाळ्यात फ्रीजला हात लावला तर मुंग्या यायच्या का?"

वीरण्णांनी आठवून बघितलं. "न्हाई."

"त्याच्या आधी?"

"कधीच न्हाई."

"मग पंधरा वर्षं तो खड्डा ओला होता."

ते काही म्हणणार तेवढ्यात अंजूचा फोन वाजला. पुण्याहून सासूबाई, बसम्मा. होळी झाल्यावर त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि रोज सकाळी याच वेळी घराची हजेरी घ्यायच्या. अंजूचे हात तारांत होते. तिनं कोपरानं फोन सरकवून स्पीकर लावला.

"नळ आला का गं?"

"काल येऊन गेला, आत्या. आता आठ दिवसांनी."

"अन् तिकडं कुत्रं रडायचं थांबलं का न्हाई?"

गिटारला त्या पहिल्यापासून हेच म्हणायच्या. वीरण्णांनी फोनकडे बघून मान हलवली.

"थांबलंय सध्या," अंजू म्हणाली.

"बेलाला पाणी घालून राहिलीस ना?"

"रोज. पूजेचं पाणी बुडाशीच घालते."

"अन् घागर?"

अंजूनं तारा खाली ठेवल्या. "घागर बंद केली, आत्या. नळ आठ दिवसांनी, आणि एवढ्या मोठ्या बेलाला वरून पाणी लागत नाही. मुळं खोल गेलेली असतात."

"मग मी कुठं म्हणलं बेलाला? बेलाजवळ म्हणलं." बसम्मांचा आवाज चढला. "बेल त्याचा तो पितोय. घागर फरशीच्या फटीत ओतायची गं, न्हाणीच्या अंगाला. तुझ्या मामाच्या खड्ड्याला."

अंजूनं हात लांब करून गुणगुणणाऱ्या पेटीचं बटण बंद केलं.

वीरण्णा फोनजवळ सरकले. "रोज घालत होतीस?"

"आता उठलात का तुम्ही? चहा झाला?"

"लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्या साली पण?"

"त्या साली भाजी धुतलेलं घालायचे. वरडला होतात की माझ्यावर. माणसाला प्यायला न्हाई अन् तुला झाडाचे लाड म्हणून."

"वरडलो होतो," वीरण्णा म्हणाले. त्यांनी स्टीलच्या कांडीची डबी उचलली, खाली ठेवली. "पण तुला सांगितलं कुणी?"

"बघा! कोळसा चाळायला कुणाला बसवलं होतं? धा दिवस हात काळे होते माझे. तवा तुम्हीच म्हणलात, हिथं उन्हाळ्यात रोज एक घागर पडाय पाहिजे."

"ते तवाचं, बसू. मागनं मी वाजवणं सोडलं की."

"सोडलात. पण घागर घालू नको, असं काय म्हणला न्हाईत."

पलीकडे बाळ उठल्याचा आवाज आला. "ठेवते," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

वीरण्णा गुडघ्यावर हात देऊन उठले, न्हाणीतली पितळी घागर पिंपात बुडवली आणि बाहेर गेले. अंजूनं दारातून पाहिलं. बेलाच्या बुडाशी तिनं स्वतः केलेलं गोल, नीट आळं होतं. तिथून दोन हातांवर शहाबादी फरशीचा एक कोपरा झिजून खोलगट झाला होता. आत्यांना वाकवत नाही म्हणून पाणी चुकून तिथं पडत असेल, असं तिला नेहमी वाटायचं.

वीरण्णांनी घाई केली नाही. बारीक धार धरली. फटीतून बुडबुडे आले, पाणी खाली गेलं. त्यांनी दुसरी घागर आणली.

"मामा, मी आणते."

"तू तुझा दिवा बघ."

तिनं बल्ब लावून बघितला. तार लालच. तासाभरानं पुन्हा, तेव्हा केशरी. ऊन अंगणातून सरकून न्हाणीच्या भिंतीवर गेलं तेव्हा बल्बचा उजेड पिवळा होऊन तिच्या तळहातावर पडला. तिनं बल्ब दारातून वर धरून दाखवला.

मन्मथ आला तेव्हा फरशी ओली होती. "काका, धुणं काढलं का काय?" म्हणत तो चपला काढून आत आला. त्यानं गिटारची खोळ खांद्यावर टाकूनच आणली होती, नवी, चेनवाली.

"बस," वीरण्णा म्हणाले. "अंजू, च्या टाक ह्याला."

"पाचची गाडी हाय, काका."

"बस म्हणलं ना."

अंजूनं पेटी चालू केली. व्हॉल्व्ह तांबूस झाले. मन्मथनं तिच्याकडे बघितलं. "बंद हाय का?"

"कान लावा," ती म्हणाली.

वीरण्णांनी बोटाची मागची बाजू पत्र्याला लावली. मग पूर्ण तळवा तारांवर ठेवला आणि तिथंच राहू दिला. दुसऱ्या हातानं त्यांनी स्वतःचा फोन काढला, नंबर लावला, स्पीकर चालू करून तो सतरंजीवर ठेवला.

"आता काय राहिलं?" पलीकडून बसम्मा.

त्यांनी डबीतून कांडी काढली आणि पहिला सूर लावला. तो लांब, थोडा कापत खालून वर गेला आणि वर जाऊन स्थिर झाला. सूर विझला तेव्हा त्याच्यामागे काहीही ऐकू आलं नाही. मन्मथनं खांद्यावरची खोळ काढून पायाशी ठेवली.

फोनमधून बाळाचं रडणं आलं. मग बसम्मांचा दबका आवाज, बाळाशी.

"श्शू... गप रे. ऐकू दे."