हॉल्डनचे शुक्रवार

बायका नवऱ्याच्या आयुष्यातल्या दुसऱ्या बाईवर जळतात. माझ्या वाट्याला एक इंग्रज फुलबॅक आला.

वॉल्टर हॉल्डन. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत तो इंग्लंडमध्ये सेकंड डिव्हिजनच्या एका क्लबात उजव्या बाजूचा फुलबॅक होता. फुटबॉल खेळून पगार मिळे, पण बेताचाच. उन्हाळ्यात खेळ बंद असला की तो विटा वाहायचा. तेरा वर्षं समोरच्यांचे गोल अडवले, स्वतः एकही केला नाही. गुडघा कामातून गेल्यावर बहारीनला नोकरीला आला आणि फावल्या वेळात रिफायनरीच्या टीमला शिकवू लागला. त्या टीममध्ये आमचे हे होते. सदानंद, वर्कशॉपमधले फिटर, मूळचे देवरुखचे. हॉल्डन ह्यांना ‘सॅडी’ म्हणायचा. इतक्या वर्षांत माझ्या नवऱ्याचं नाव त्याला पुरतं घेता आलं नाही, आणि ह्यांना त्याचंच कौतुक. मी मिसेस सॅडी.

मी लग्न होऊन बहारीनला, रिफायनरीजवळच्या मआमीर गावातल्या दोन खोल्यांत आले. आठवडाभर ह्यांना कंपनीची बस न्यायची, सुट्टीच्या शुक्रवारी हॉल्डन. आमच्या मुलाच्या, निहारच्या बारशालासुद्धा हे उशिरा आले, तेही घोट्याला बर्फ बांधून. जेवायला बसले की मिठाची वाटी म्हणजे समोरचा विंगर आणि लोणच्याची बरणी म्हणजे हॉल्डन.

“चेंडूकडे बघायचंच नाही,” हे सांगायचे. “समोरच्याच्या कमरेकडे बघायचं. पाय फसवतात, कंबर फसवत नाही.”

“परक्या पुरुषांच्या कमरा बघायला शुक्रवार घालवा तुम्ही,” मी म्हणायची.

खेळणं सुटलं, पण शुक्रवार सुटला नाही. आता हॉल्डन नव्वदीचा आहे आणि अमवाजच्या बेटावर मुलीकडे राहतो. आम्ही निहारकडे. निहारची इथली नोकरी डिसेंबरला संपते, मग आम्ही कायमचे देवरुखला. म्हणून मी ह्यांना म्हटलं, “एक शुक्रवार मला द्या. मआमीरची आपली गल्ली बघू, मग मनामाला देवळात जाऊ, बाहेर जेवू. आपण दोघंच.”

“अगं, त्याला काही आठवत नाही आता. त्याला मी लागतो.”

“आणि मला?”

“तुला काय झालंय? तुला सगळं आठवतं.”

मला सगळं आठवतं हा माझा गुन्हा. पुढच्या शुक्रवारी मी घावनांचा डबा भरला, चांगली साडी नेसले आणि निहार गाडी चालवणार होता, तर मागे ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. 

हॉल्डनच्या मुलीने दार उघडलं. तो पाण्याकडच्या बाल्कनीत बसला होता. ह्यांच्याकडे त्याने बघितलं, बँकेत शेजारी बसलेल्याकडे बघावं तसं. हे खुर्ची ओढून बसले आणि त्याला त्याचीच हकिकत सांगू लागले. क्लब कोणता, पहिला सामना कुठला, विटा कुठे वाहिल्या. इतकं मन लावून! मी विसरले तर माझी हकिकत मला कोण सांगणार? लग्नात मी कुठल्या रंगाचा शालू नेसले होते तेसुद्धा ह्यांना सांगता यायचं नाही.

मग बर्फातला सामना आला. तो मला पाठ होता. मैदानभर बर्फ, झाडूने उघड्या केलेल्या रेषा पुन्हा बुजलेल्या. शेवटच्या मिनिटाला विंगरने चेंडू मारला, गोलकीपर आडवा, आणि हॉल्डनने तो गोललाइनवरून परतवला.

“सगळे गोल गोल ओरडत होते,” हे म्हणाले. “रेफ्रीने तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, आत गेला नव्हता.”

“नव्हता का?” हॉल्डनने विचारलं.

“नव्हताच. तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत.”

ह्यांच्या आवाजातला तो अभिमान मला सोसवला नाही. “आत होता,” मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले.

मी देव्हाऱ्याला पाय लावल्यासारखं ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुला काय माहीत?”

“साहेबांनीच सांगितलंय. निहार पोटात होता. तुम्ही शिफ्टवरून यायचे होतात आणि साहेब ओट्याशी उभं राहून घावन खात होते.”

मी डबा उघडून हॉल्डनच्या हातात एक घावन ठेवलं. त्याने ते उचलून उजेडाकडे धरलं आणि त्याच्या जाळीतून समुद्र बघितला. पुढे हसायलाच लागला. मुलगी आतून धावत आली.

“वीतभर आत होता,” तो म्हणाला. “चांगला वीतभर! बर्फाने वाचवलं मला.” मग माझ्याकडे वाकून, हे हातभरावर बसलेले असताना, हळूच म्हणाला, “पण सॅडीला सांगू नका हं. त्या पोराला मी फार खरा माणूस वाटतो.”

हे रेलिंगकडे तोंड करून उभे राहिले. मला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं, आणि लगेच कळलं की हेच वाक्य तो तेव्हाही बोलला होता; म्हणजे त्या दिवशी माझ्या ओट्याशीसुद्धा बोलणं ह्यांच्याबद्दलच चाललं होतं. पुन्हा जळले.

परतताना बेटाचा पूल संपेपर्यंत हे मागे वळून बघत राहिले. मग म्हणाले, “मला नाही सांगितलं त्याने.”

“नाही.”

“तुला सांगितलं.”

“मला.”

मुहर्रकच्या सिग्नलला गाडी थांबली. ह्यांचा चेहरा मी नीट बघितला. हा चेहरा माझ्या ओळखीचा होता. वर्षानुवर्षं दर शुक्रवारी आरशात मी तोच बघत आले होते.

“आणखी काय काय सांगितलंय त्याने तुला?” ह्यांनी विचारलं.

“बरंच आहे. असं गाडीत थोडंच सांगता येतं? येत्या शुक्रवारी सकाळी त्यांच्याकडे जाऊन या. दुपारपासून तुम्ही माझे. मआमीरला गेलो की सांगेन.”

“इंशाल्ला,” निहार पुढून म्हणाला आणि हसला. ह्यांनी त्याला गप्प केलं, पण माझ्याकडे बघून मान डोलावली.

आणखी काहीच सांगितलेलं नाही हॉल्डनने मला. पण डिसेंबरपर्यंत पुरतील एवढ्या गोष्टी मी रचून ठेवल्या आहेत.