रेशमी धाग्याची नाडी

पडद्याला बोटभर भोक होतं आणि त्या भोकातून पिवळा रेशमी धागा बाहेर आला होता. त्याचं एक टोक पडद्याआड बसलेल्या वैद्यराज शाओंच्या बोटांत, दुसरं बाहेर बसलेल्या रोग्याच्या मनगटाला. रोग्यानं तोंड उघडायचं नाही आणि वैद्यराजांनी रोग्याचं तोंड बघायचं नाही, असा तिथला नियम. धागा ताणला जायचा, सगळे श्वास रोखून बसायचे आणि मग पडद्याआडून घोगरा आवाज यायचा.

"डाव्या गुडघ्यात गारठा भरलाय, आजी. पण मूळ दुखणं गुडघ्यात नाही. सुनेशी वाजलंय ना? तो राग यकृतात जाऊन बसलाय."

"अगं बाई! सुनेचं कसं कळलं हो तुम्हाला!" म्हातारी रडत-हसत बाहेर यायची आणि रांगेतल्या पुढच्या दहाजणांना तेच सांगायची.

पीत नदीकाठच्या त्या शहरात, चिनी वैद्यकाच्या विद्यापीठातल्या जुन्या दवाखान्यापुढं उजाडायच्या आधीच रांग लागे. लोक घडीचे स्टूल आणि गरम पाण्याचे थर्मास घेऊन येत, उभ्याउभ्या वाफवलेले पाव खात. राजवाड्यातल्या राण्यांची नाडी जुने वैद्य म्हणे अशीच बघत. ती लुप्त विद्या वैद्यराजांना डोंगरातल्या एका म्हाताऱ्यानं मरताना दिली होती. आता विद्यापीठ 'धागा-नाडी संशोधन केंद्र' काढणार होतं. "असं शास्त्र जगात दुसरीकडं कुठंच नाही!" कुलगुरू छाती फुगवून सांगत. का बरं नाही, असं त्यांना कुणी विचारत नव्हतं.

लुआन शूचेन याच विद्यापीठात नाडीपरीक्षा शिकवायची. वय पन्नाशीच्या पुढं. बऱ्याच वर्षांपूर्वी तिनं एक साधा प्रयोग केला होता. नावाजलेले वैद्य वेगवेगळ्या खोल्यांत बसवले, त्यांच्याकडं तेच ते रोगी पाठवले, बोलायला बंदी केली आणि नुसत्या नाडीवरून निदान लिहायला लावलं. निदानांचा एकमेकांशी मेळ बसेना. शूचेननं जे दिसलं ते छापलं. त्यानंतर भोजनगृहात तिच्या टेबलाशी कुणी बसेनासं झालं. तेव्हा घरी तरी तिचा नवरा हुआईमिन होता. "एकटी जेवलीस का आज? मग आता दोनदा जेव," म्हणून तो तिच्या वाडग्यात आणखी नूडल्स वाढायचा. मग एका हिवाळ्यात तोही गेला. जिना चढून आल्यावर कुलपात किल्ली फिरायची, तेवढाच आवाज आता घरात होई.

तिच्या गुरूंची विधवा पत्नी त्याच आवारात राहत होती. शूचेन तिला गुरुआई म्हणायची. जायचं जायचं म्हणता महिने निघून जात. त्या दिवशी ती संत्री घेऊन गेली, तर गुरुआईचा चेहरा पिठासारखा पांढरा.

"शौचातून रक्त जातंय थोडं," गुरुआई संत्रं सोलत म्हणाली, जसं काही नळ गळतोय. "इस्पितळात नळी घालून तपासणार होते. मी नाही म्हणून कळवलं."

"नाही म्हणून कळवलं? का?"

"शाओ वैद्यराज म्हणाले, आतडं धडधाकट आहे. शोक अडकलाय, तो रक्तावाटे उतरतोय. पुड्या दिल्यात त्यांनी."

"गुरुआई, धाग्यातून नाडी कळत नाही. गुरुजींनीच शिकवलंय मला."

"मग त्यांना कसं कळलं की मी अजून पलंगाच्या एका कडेलाच झोपते? तुझ्या गुरुजींची बाजू मोकळी ठेवून?" म्हातारीचे डोळे भरले. "तुला तरी ठाऊक होतं का?"

शूचेनला ठाऊक नव्हतं. ती खाली मान घालून घरी आली. पण वैद्यराजांना ते कळलं कसं, हा प्रश्न तिला सोडीना.

दुसऱ्या दिवशी तिनं तोंडाला मास्क लावला, डोक्याला जाड रुमाल गुंडाळला, खोटं नाव सांगितलं आणि रांगेत जाऊन बसली. थोड्या वेळानं शेजारी एक गोल चेहऱ्याची बाई येऊन टेकली. तिनं सूर्यफुलाच्या बियांची पुडी पुढं केली.

"घ्या ताई. हात गारठलेत तुमचे. एकट्याच आलात?"

"हं."

"घरी कोण कोण असतं?"

हा प्रश्न शूचेनला कुणीच विचारत नसे. खोटं काय सांगायचं ते ती ठरवून आली होती: पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय म्हणायचं. पण तोंडातून भलतंच निघालं.

"नवरा आहे. तो घोरतो फार. मला झोप लागत नाही."

"पुरुषांची जातच तशी!" बाई खळखळून हसली. "गोड खातात का?"

"चोरून खातो. तिळाच्या वड्या कपाटामागं लपवतो. साखर वाढलीय, तरी ऐकत नाही."

एकेक खोटं तिच्या तोंडून इतक्या सहज येत होतं की तिचं तिलाच नवल वाटलं. बाई टाळ्या देत होती, मधेच हळहळत होती, पुढचं विचारत होती. इतकं मन लावून तिचं कुणी ऐकलं होतं, त्याला किती वर्षं झाली असतील? पाण्यासाठी म्हणून बाई थर्मास घेऊन उठली आणि उकळत्या पाण्याच्या खोलीत शिरली. ती बराच वेळ बाहेर आली नाही. त्या खोलीचा मागचा दरवाजा पडद्यामागच्या खोलीत उघडतो, हे शूचेनला माहीत होतं. शिकाऊ असताना तिनं तिथंच काढे उकळले होते.

तिची पाळी आली. मनगटाला धागा बांधला गेला. पडद्याआडून खाकरण्याचा आवाज आला.

"रात्री झोप नाही. पण दोष तुमचा नाही, बाई. घरातला माणूस घोरतो. त्याच्या रक्तात गोडवा साचलाय. त्याला जपा. तुमच्यावाचून त्याचं पान हलत नाही."

क्षणभर, अगदी एकच क्षण, तिला वाटलं की असंच बसून राहावं. पडद्याआडच्या आवाजानं बोलत राहावं आणि हुआईमिन घरी वाट बघत असावा. मग तिनं मनगटाचा धागा सोडला आणि ती उठली.

केंद्राच्या उद्घाटनाला सभागृह गच्च भरलं होतं. वैद्यराज रेशमी झब्ब्यात मंचावर बसले होते. "विश्वाची ऊर्जा धाग्यातून वाहते," ते डोळे मिटून सांगत होते, "चंद्रावरच्या माणसाचीही नाडी मी बघेन. फक्त धागा तेवढा लांब हवा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात शूचेन उभी राहिली.

"वैद्यराज, गेल्या आठवड्यात मी तुमच्याकडं आले होते. तुम्ही सांगितलंत की माझा नवरा घोरतो आणि त्याला साखर आहे."

"धागा खोटं बोलत नाही!"

"माझा नवरा वारलाय. बरीच वर्षं झाली." आपलं एकटेपण एवढ्या लोकांपुढं मांडायची तिला सवय नव्हती. "घोरण्याचं मी रांगेतल्या एका बाईला खोटंच सांगितलं होतं. ती बियांची पुडी घेऊन फिरते."

"प्राध्यापक लुआन, खाली बसा!" कुलगुरू ओरडले.

"संशयी माणसाच्या दूषित ऊर्जेनं धागा गढूळ होतो," वैद्यराज हात उडवत म्हणाले.

"मग ज्यांचा तुमच्यावर विश्वास आहे अशांना बसवा. फक्त त्यांनी आधी कुणाशी बोलायचं नाही. रांग नको आणि बियाही नकोत. सांगा त्यांचं दुखणं."

वैद्यराजांनी चष्मा पुसायला घेतला. आणि मागच्या ओळीतून एक म्हातारा बोलला, "बिया? मलाही दिल्या होत्या की!"

"गोल तोंडाची ना? सुनेचं भांडण मी तिलाच सांगितलं होतं!"

"अरे, ती काय, तिथं बसलीय! दाराशी!"

सगळ्या माना वळल्या. बाई पदराशी चाळा करावा तशी कोटाचं बटण पिळत होती. तिच्याकडं बघता बघता लोकांना सगळा उलगडा झाला. धागा नुसता शोभेचा होता. कान रांगेत बसवलेले होते, ते थर्मास भरायला जात आणि मागच्या दारानं पडद्याआड पोचत.

गुरुआईही सभागृहात होती. ती काठी टेकत निघून गेली. शूचेन मागोमाग तिच्या घरी पोचली.

"आलीस?" गुरुआई भिंतीकडं बघत म्हणाली. "त्या लबाडाला उघडं पाडायला वेळ मिळाला तुला. मला एकदा विचारायला मिळाला नाही, की म्हातारे, झोपतेस कशी? त्या बाईनं विचारलं. फसवायला का होईना, पण विचारलं."

शूचेन उठून स्वयंपाकघरात गेली. तिनं चूल पेटवली, बाजरीची पेज केली आणि समोर बसली. मग ती म्हणाली, "उद्या इस्पितळात जाऊ. मी सोबत येते."

आतड्यात गाठ निघाली. आणखी उशीर झाला असता तर हाताबाहेर गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं आणि गुरुआई वाचली. तिचा राग मात्र हळूहळू, थोडा थोडा करून उतरला. केंद्राची पाटी गुपचूप निघाली. वैद्यराज दुसऱ्या कुठल्या तरी गावी गेले, तिथंही पडदा टांगलाच असेल. भोजनगृहात शूचेनच्या टेबलाशी अजूनही कुणी बसत नाही. विद्यापीठाचं नाक कापलं म्हणून तिच्यावर राग आहे.

त्या वर्षी पहिल्या वर्गाला ती म्हणाली, "मुलांनो, कुणी चमत्कार दाखवला तर आधी हे बघा, त्याला ही माहिती दुसऱ्या कुठल्या वाटेनं मिळू शकते का. ती वाट बंद करा आणि मग पुन्हा दाखव म्हणा. आपलं शास्त्र असलं तरी. आपलं असलं तर जास्तच. आणि दुसरी गोष्ट. रोग्याला प्रश्न विचारणं हीसुद्धा आपली जुनी परीक्षापद्धती आहे. आपण ती टाकली, म्हणून त्या भोंदूनं उचलली. त्याच्याकडं जादू नव्हती. ज्यांना कुणी विचारत नव्हतं, अशी माणसं रांगेत होती, एवढंच त्याला ठाऊक होतं. तेव्हा नाडीवर बोट ठेवायच्या आधी विचारा. आणि समोरच्याचं सांगून होईपर्यंत उठू नका."