कोपऱ्यावरची हाक

कामफुंगने पेजेच्या गाडीच्या चाकाखाली वीट सरकवली आणि पायाने दाबून पाहिली. गाडी हलली नाही. गल्लीभर हेच चाललं होतं. संत्र्यांची गाडी, माशांच्या गोळ्यांची गाडी, भाजीची हातगाडी. साऱ्यांच्या चाकांखाली विटा.

"मावशी, नीट बसव हं," संत्रेवाली सौलान म्हणाली. "नाहीतर तुझ्याआधी तुझी गाडीच पळायची."

"एक वीट तुझ्या जिभेखाली लाव."

हसू फार टिकलं नाही. कौलूनच्या या गल्लीत एकही फेरीवाला दिसता कामा नये, असा गोऱ्या सरकारचा हुकूम निघून बारा दिवस झाले होते. दोन धाडींत नऊ गाड्या नेऊन मोडल्या. त्यात कामफुंगची थोरली गाडीही गेली. ही एकच उरली होती आणि घरी अंथरुणाला खिळलेला नवरा हिच्यावरच जगत होता.

म्हणून काल भाजीवाला बोकित म्हणाला होता, "आपण पळतो, म्हणून ते एकेकट्याला धरतात. साठ जण जागचे हललेच नाहीत, तर कुठल्या ट्रकात घालतील?"

गल्लीतच धंदा करू द्या, अशा अर्जावर साऱ्यांनी अंगठे उठवले. तो साहेबाच्या हातात कोणी द्यायचा, असं विचारल्यावर मात्र जो तो आपल्या चपलांकडे बघू लागला. शेवटी बोकितच्या हाताच्या खुणा बघून सुऱ्यांना धार लावणारे याउकाका उठले. तरुणपणी गोदीत लोखंड ठोकता ठोकता त्यांचे दोन्ही कान गेले होते.

"बरंच झालं," सौलान म्हणाली. "साहेबाच्या शिव्या फुकट जातील."

आता काका धुतलेला सदरा घालून गल्लीच्या तोंडाशी उभे होते, मोठ्या रस्त्याकडे बघत.

कामफुंगची जागा कोपऱ्यावरची. एकवीस वर्षं, गल्ली ज्यांना भुतं म्हणे त्या गोऱ्यांच्या शिपायांचा ट्रक आधी तिलाच दिसत आला होता. "भुतं आली!" ही तिची हाक उठली की अख्खी गल्ली उतू येणाऱ्या पेजेवर फुंकर मारावी तशी बसून जायची. रिकामी व्हायची.

"मावशी, आज हाक नाही," बोकितने बजावलं.

"मला काय खूळ लागलंय?"

एक हमाल आला. ती वाकून त्याच्या वाडग्यात पेज ओतत होती. मान वर केली, तर ट्रक वळत होता.

"भुतं आली!"

आवाज कोणाचा, हे तिला हाक संपल्यावर कळलं. तोवर विटा लाथाडल्या गेल्या होत्या. कोणी विचार केला नाही. तिनेही नाही. भान आलं तेव्हा ती मागच्या बोळात होती आणि गाडीचा दांडा तिच्या मुठीत होता.

"वाचलो गं बाई!" सौलान धापा टाकत हसली. "मावशी, तुझ्या तोंडात साखर पडो."

बोकित भिंतीला टेकून खाली बसला. कामफुंगकडे त्याने पाहिलं नाही. बोळातला एकेक चेहरा बघत म्हणाला,

"काका कुठायत?"

सौलानचं हसू थांबलं.

कामफुंगने भिंतीआडून पाहिलं. गल्लीत विटा होत्या, सांडलेली संत्री होती आणि पाठमोरे याउकाका. गोरा साहेब समोर उभा होता, सोबत दुभाष्या. काकांनी दोन्ही हातांनी अर्ज पुढे केला.

साहेबाने अंगठ्यांवरून नजर फिरवली आणि काही विचारलं.

"बाकीचे कुठायत?" दुभाष्या ओरडला.

जायला हवं होतं. कामफुंगने एक पाऊल पुढे टाकलंही. पण दांड्यावरची मूठ सुटेना.

प्रश्न काकांना ऐकू आला नाही, पण साहेबाच्या नजरेवरून कळला असावा. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. साहेबाला आपल्या मागे उभे असलेले सगळे नीट दिसावेत, म्हणून ते फक्त थोडे बाजूला सरकले.