उतरलेली पट्टी

मी एक पियानो. सभागृहात झाकण उघडून मिरवणाऱ्यांतला नव्हे. भिंतीला पाठ लावून उभा राहणारा, घरगुती. माझ्या पहिल्या मालकांनी मला दिवाणखान्याची शोभा म्हणून आणलं आणि माझ्या डोक्यावर फुलदाणी ठेवली. एकदा ती कलंडली, पाणी आत झिरपलं, आणि मधल्या एका पट्टीच्या तारा ज्यांना गुंडाळलेल्या असतात त्या खुंट्या सैल झाल्या. त्या पट्टीचा सूर जो उतरला तो उतरलाच. मग मला विकायला काढलं.

मला घेतलं चष्म्याच्या एका दुकानदाराने, आपल्या धाकट्या बहिणीसाठी. आई-वडील लवकर गेलेले, तिला वाढवलं ते या दादानेच. दुकान खाली, घर वर. मी जिन्यात अडकलो तेव्हा हमालांपेक्षा त्यालाच जास्त घाम फुटला होता. बहिणीने माझ्या पट्ट्यांवरून हात फिरवला, उतरलेल्या पट्टीपाशी थांबली, ती पुन्हा दाबली आणि हसली. इतर लोक तिथे तोंड वाकडं करायचे. मी त्याच दिवशी तिचा झालो.

पुढे ती संगीतकार झाली. संगीतकार म्हणजे डोळे मिटून डोलणारं कुणीतरी, असं तुम्हाला वाटत असेल. आमची बाई एक सूर दाबते, तो विरेपर्यंत ऐकते, पेन्सिल केसांत खोचते आणि भांडी घासायला जाते. परत येऊन पुन्हा तोच सूर. आठवडाभर खपून चार ओळी लिहिते आणि त्यातल्या तीन खोडते. इतकं चिवट माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

खालून दादाची हाक यायची, "चिमे, गिऱ्हाईक विचारतंय, वर दुरुस्ती चालली आहे का?"

"सांग, चालली आहे!"

तिचं संगीत लोकांना अवघड वाटायचं. वाजवणारे थोडे, ऐकणारे त्याहून थोडे. पण एके वर्षी शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदाने तिच्याकडे नवी रचना मागितली. आणि तिने काय करावं? ती सगळी रचना माझ्या उतरलेल्या सुराभोवती बांधली! साठ वादकांनी तो सूर नेमका तेवढाच खाली वाजवावा, म्हणून कागदावर त्याच्यापाशी खाली टोक केलेला बाण काढला. माझी छाती अशी फुगली की लाकूड कुरकुरलं. शेवटचा भाग तेवढा लिहायचा राहिला होता.

ती तालमीला गेली असताना दादाने घोटाळा केला. पियानो जुळवणाऱ्या कारागिराला बोलावलं. "एवढं मोठं काम, आणि वाद्य असं? शोभतं का?" कारागिराने नव्या, जाड खुंट्या ठोकल्या. माझा सूर चोख लागला. दादा इतका खूश, की त्याने मला स्वतःच्या रुमालाने पुसलं.

ती आली, बसली, पट्टी दाबली.

"दादा, काय केलंस रे हे?"

"दुरुस्त करून घेतला. का गं, आवडलं नाही?"

ती त्याच्यावर आवाज चढवत नसे. तेव्हाही चढवला नाही. पण शेवट काही सुचेना. कारागीर पुन्हा आला, सूर थोडा उतरवला. "हा नाही." आणखी उतरवला. "हाही नाही." नवा चोख सूर ऐकून ऐकून तिचा कान चळला होता. तिकडून वाद्यवृंदाच्या संचालकाचा फोन आला: सोमवारपर्यंत शेवट हाती आला नाही, तर कार्यक्रमात दुसरी रचना घेऊ. ती माझ्यावर डोकं टेकून बसली. मला तिचा श्वास कळत होता, आणि माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं.

दादा स्वयंपाकघरात कारागिरासाठी चहा टाकत होता. शाळेत गाण्याच्या तासाला या माणसाला मास्तर म्हणाले होते, तू नुसते ओठ हलव. आता चहा ढवळता ढवळता तो स्वतःशीच गुणगुणू लागला. तिचीच रचना! इतके महिने चष्म्याच्या काचा घासताना छतातून झिरपलेली. आणि त्या सुरावर आला तेव्हा तो बरोबर तेवढाच खाली उतरला.

ती ताडकन उठली. "दादा, तोच सूर धर! सोडू नकोस!"

"कुठला सूर? मी कुठे गातोय?"

तिने त्याला ओढत माझ्यापाशी आणून उभं केलं. तो लाजून लाल झाला, पण सूर धरला. कारागीर किल्ली फिरवू लागला. दादाचा दम संपे, तो पुन्हा श्वास घेई.

"अगं, चहा उतू चाललाय!"

"जाऊ दे उतू!"

हळूहळू माझ्या तारा आणि दादाचा गळा एक झाले. ती घळाघळा रडली, आणि रडता रडताच कागद पुढे ओढून लिहायला बसली.

रचना वाजली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते म्हणे. दादा एकटा बसून होता, त्याचे पायच हलेनात. हे त्यानेच येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. आता ती रचना जगभर वाजते.

दादा मागच्या वर्षी गेला. घरात त्याचे फोटो आहेत, चष्मे आहेत. आवाज मात्र कुणी जपून ठेवला नाही, कुणाला सुचलंच नाही. ती रोज कामाला बसण्याआधी ती एक पट्टी दाबते आणि विरेपर्यंत ऐकते.

मी म्हातारा झालोय, तिचेही हात दुखतात. उद्या मी तुमच्या घरी आलो, तर मला खुशाल जुळवून घ्या. त्या एका पट्टीला तेवढा हात लावू नका. तो दादा आहे.