ठमीच्या तोंडातलं लोखंड

घोडेस्वारी शिकवण्यात मास्तरीणबाईंची हयात गेली होती. हात थरथरायला लागले ते अलीकडे. आधी चहाची बशी वाजायला लागली, मग सहीचं वळण बिघडलं आणि मग एके सकाळी ठमीच्या तोंडातून रक्त आलं.

ठमी ही त्यांची घोडी. अंगानं आडवी, स्वभावानं संथ, पण तोंडाची फार हळवी. बाईंचा हात थरथरला की ती थरथर लगामाच्या पट्ट्यांतून थेट तिच्या जिभेवरच्या लोखंडी कडीपर्यंत पोचायची. बाई थांब म्हणताहेत, वळ म्हणताहेत की उगाच टोचताहेत, हेच तिला कळेना. ती मान उडवायला लागली होती. त्या सकाळी तिनं अशी झटकली की ओठाचा कोपराच फाटला.

मुलगा धावत आला. तबेला आणि शाळा आता तोच सांभाळत होता. त्यानं घोडीचा ओठ पाहिला, आईचे हात पाहिले.

"आई, आता पुरे. डॉक्टरांनीही सांगितलंय. उद्यापासून खुर्चीत बसून शिकव."

"डॉक्टर म्हणाले, हात थरथरतात. बाकीची मी शाबूत आहे," बाई म्हणाल्या. "पण तुझं अर्धं खरं आहे. घोडीला त्रास होतोय. तेव्हा एक काहीतरी बंद व्हायला हवं. मी नव्हे, ही कडी."

"तोंडात कडी नसलेला घोडा म्हणजे ब्रेक नसलेली गाडी. माझ्या रिंगणात हे चालायचं नाही."

"तुझ्या?" बाईंनी एवढंच विचारलं. त्या रिंगणाचे खांब नवऱ्याच्या जोडीनं त्यांनी रोवले, तेव्हा हा पोटात होता. मुलाला ते माहीत होतं, म्हणूनच तो आणखी चिडला आणि निघून गेला.

बाईंनी खोगीरवाल्याला बोलावलं. दोघांचं कधी फारसं पटलं नव्हतं, पण चामड्यातलं त्याला कळतं हे बाईही मान्य करत. तो तीन प्रकारचे बिनकडीचे लगाम घेऊन आला आणि सामानाच्या खोलीत खोगिरं ठेवायच्या लाकडी घोडीवर ते मांडून बसला. सून कोपऱ्यात रिकिबी पुसत होती. मुलगा काहीतरी शोधायचं निमित्त करून आत आला.

"बरा सापडलास," बाई म्हणाल्या. "मनगट पुढे कर. जरा वेळ ठमी हो."

"आई, लोकांसमोर काय हे?"

"लोक कुठले? तुझी बायको आणि खोगीरवाला. दोघांनी तुला याहून वाईट अवतारात पाहिलंय."

सून खाली मान घालून हसली. मुलानं मनगट पुढे केलं. बाईंनी पहिला लगाम त्यावर बांधला. त्याला दोन्ही बाजूंना लांब लोखंडी दांडे होते. बाईंनी नेहमीसारखे पट्टे धरले, ओढले नाहीत, तरी मुलाचा चेहरा आक्रसला.

"ही तर कडीची थोरली बहीण," बाई म्हणाल्या. "दांड्यांमुळे माझी थरथर दुप्पट होऊन पोचते. काढ."

दुसऱ्याचे पट्टे घोडीच्या जबड्याखालून एकमेकांना ओलांडून जायचे. तो छान आवळला, पण बाईंनी हात सैल सोडला तरी लवकर ढिला होईना. "ऐकल्याबरोबर सुटका व्हायला हवी. नाहीतर घोडीनं ऐकायचं कशासाठी?" म्हणून तोही बाजूला गेला.

तिसरा अगदी साधा होता. नाकावर रुंद मऊ पट्टा, दोन बाजूंना दोन गोल रिंगा, त्यांतून हातात येणारे पट्टे. बाईंनी तो धरला. मुलगा मनगट निरखून बघायला लागला.

"बोल की."

"डावीकडे ओढतेयस की उजवीकडे, ते कळतं. थरथर फारशी येत नाही." मग त्यानं हात सोडवून घेतला. "पण हे मनगटावर. घोडी बिथरली म्हणजे?"

"बिथरलेली घोडी तोंड दुखवून थांबते, हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही."

पट्टा नाकाच्या हाडावरच बसायला हवा होता. खाली मऊ भागावर घसरला तर श्वास अडतो. बाईंच्या बोटांनी बक्कल लागत नव्हतं, म्हणून ते सून लावायची आणि पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघायची. ओठाची जखम भरेपर्यंत बाई ठमीला मागच्या अंगणात नुसतं चालवत होत्या. नंतर तिच्या पाठीवर बसून, श्वास सोडत, अंग जड करत "हो" म्हटलं की ठमीनं थांबायचं, एवढंच रोज. मुलगा खिडकीतून बघायचा आणि बघत नसल्यासारखं दाखवायचा.

रविवारी रिंगणाभोवती शिकणाऱ्या पोरांचे आईबाप जमले होते. बाई ठमीवर बसून फाटकापाशी आल्या. मुलगा आडवा उभा राहिला. त्याच्या हातात लांब दोरी होती.

"निदान ही बांधू दे. मी सोबत चालतो."

"पालखी आहे का माझी? दोरी खाली ठेव आणि बाजूला हो."

"आणि पडलीस तर?"

"तर उचल. पण आधी पडू तर दे."

तो हलला नाही. तेव्हा सुनेनंच पुढे होऊन फाटक उघडलं. नवऱ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

पहिली फेरी ठीक झाली. दुसऱ्या फेरीत कुंपणालगतचं हिरवं गवत दिसलं आणि ठमीनं सरळ मान खाली घातली. बाई घसरून तिच्या मानेवर आल्या. कुणीतरी फिसकन हसलं. मुलगा कुंपणावर चढला. बाईंनी हातानंच त्याला थोपवलं. पट्ट्यांशी ओढाताण केली नाही. मागे सरकून बसल्या, टाच लावली, एका बाजूचा पट्टा हलकेच आपल्याकडे घेतला. ठमीनं तोंडातला घास चावत मान वर केली आणि निघाली. मग दुडकी. रिंगणाच्या मधोमध बाईंनी श्वास सोडला, "हो" म्हणाल्या. ठमी थांबली. बाईंचे हात सगळ्यांदेखत थरथरत होते आणि घोडीची मान जागची हलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलानं फाटकावर पाटी लावली: कडीशिवाय घोडा आत आणू नये. ती बाईंसाठीच होती, कारण दुसरं कुणी तसा घोडा आणतच नव्हतं. बाईंनी ती वाचली, सुनेकडून पट्टा तपासून घेतला आणि ठमीला आत नेलं. मुलगा रिंगणात शिकवत होता. त्यानं आईकडे पाहिलं आणि पोरांना म्हणाला, "सगळे बाजूला व्हा. बाईंना वाट द्या."

पाटी त्यानं काढली नाही. बाई रोज आत जात राहिल्या.